वाऱ्याचा लोभ

माझा भाचा बंगळूरला नोकरी करतो. गेल्या वर्षी त्याच्याकडे आठवडाभर राहिले. रोज रात्री जेवणं उरकली की तो 'ब्रेथ ऑफ द वाइल्ड' लावायचा आणि मी मागे सोफ्यावर एका अनुवादाची प्रुफं घेऊन बसायचे. प्रुफं नावापुरती. चौथ्या की पाचव्या रात्री तो शेवटच्या लढाईपर्यंत पोचला. धुराचं आणि ज्वाळांचं एक डोंगराएवढं रानडुक्कर मैदानात उभं राहिलं आणि राजकन्या झेल्डा बोलू लागली. गॅननने आता पुनर्जन्माचा नाद सोडून दिला आहे, हे त्याचं निखळ, पिसाळलेलं रूप आहे, असं ती सांगत होती. भाचा धनुष्य ताणून बसला होता, त्याला या माहितीची गरज नव्हती. मला मात्र ते वाक्य खटकलं. ज्याचं सगळं अस्तित्व परत येण्यावर उभं आहे, तो परत येणं का सोडेल?

पुण्यात तरुणपणी शिकलेलं जपानी माझ्याकडे अजून थोडंफार शिल्लक आहे. हा खेळ संपला की तुम्हांला पुन्हा शेवटच्या लढाईच्या आधी आणून सोडतो, म्हणून दुसऱ्या रात्री मी त्याला भाषा बदलून तोच भाग परत खेळायला लावला. "मावशी, माझ्या खेळाचा तू पेपर सोडवतेयस," असं कुरकुरत त्याने ते केलं. जपानीत झेल्डा याच्या बरोबर उलट सांगते. पुन्हा जिवंत होण्याची आस न सोडणाऱ्या आसक्तीतून हे रूप निपजलं आहे, असा तिच्या बोलण्याचा आशय आहे.

एका भाषेत त्याने सोडलं, दुसरीत तो सोडायला तयार नाही. पडद्यावरचं जनावर दोन्हीकडे तेच. अनुवादातली चूक म्हणून हे बाजूला ठेवता येईल. मी स्वतः याहून मोठ्या चुका छापून घेतल्या आहेत. पण ही चूक नेमक्या त्या जागी झाली आहे जिथे या मालिकेचं स्वतःचंच कधी ठरलेलं नाही. गॅननला काही हवं आहे का? की तो नुसताच आहे, पुरासारखा किंवा साथीसारखा? गेली जवळपास चाळीस वर्षं हा खेळ कधी त्याच्या तोंडात इच्छा घालतो आणि कधी ती काढून घेतो.

ज्यांनी हा खेळ हातात घेतलेला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. 'द लेजेंड ऑफ झेल्डा' ही निंटेंडोची मालिका १९८६ साली जपानमध्ये सुरू झाली. शिगेरू मियामोतो आणि ताकाशी तेझुका हे तिचे जनक. नाव राजकन्येचं असलं तरी आपण खेळतो तो लिंक म्हणून, जवळजवळ कधीच न बोलणारा एक मुलगा. राज्याचं नाव हायरूल. देवतांनी मागे ठेवलेले तीन सोनेरी त्रिकोण म्हणजे ट्रायफोर्स, आणि पुढे पुढे असं ठरून गेलं की धैर्याचा त्रिकोण लिंकचा, शहाणपणाचा झेल्डाचा आणि सामर्थ्याचा गॅननचा. बहुतेक भागांत लिंक आणि झेल्डा नवे असतात, आधीच्या जन्माचं त्यांना काही आठवत नाही. गॅनन मात्र अनेकदा तोच असतो. कोंडलेला, बुडवलेला, हद्दपार केलेला, पण तोच. म्हणजे या मालिकेत स्मृती असलेलं पात्र शोधायला गेलं तर ते बहुधा खलनायकच निघतं, ही गोष्ट मला फार उशिरा लक्षात आली.

सुरुवातीला अर्थातच असलं काही नव्हतं. १९८६चा गॅनन म्हणजे शेवटच्या काळोख्या दालनातला निळ्या अंगाचा, डुकरतोंड्या राक्षस. लढाई सुरू झाली की तो अदृश्य होतो. तुम्ही हवेत तलवार फिरवत राहता, लागली तर क्षणभर दिसतो, आणि शेवटी चांदीचा बाण मारला की त्याची राख होते. सामर्थ्याचा त्रिकोण त्याने चोरला आणि राजकन्येला पळवलं, एवढंच आपल्याला माहीत. तो दुष्ट का? शेवटच्या दालनात आहे म्हणून. पुढच्या वर्षीच्या 'द ॲडव्हेंचर ऑफ लिंक'मध्ये तर तो नाहीच, फक्त त्याची राख आहे. त्याचे चेले लिंकच्या मागावर असतात, कारण लिंकचं रक्त त्या राखेवर शिंपडलं की धनी उठून बसेल. तुमचे सगळे जीव संपले की पडद्यावर त्याची आकृती येते, हसू ऐकू येतं आणि गॅनन परतल्याचं जाहीर होतं. फार कच्चा खेळ आहे हा, पण ही कल्पना मला आवडते: खलनायक फक्त खेळणाऱ्याच्या अपयशात जिवंत होतो. १९९१च्या 'अ लिंक टू द पास्ट'ने त्याला एक पूर्वायुष्य दिलं. तो चोरांच्या टोळीचा म्होरक्या होता, सुवर्णभूमीत शिरला, आणि ट्रायफोर्सला हात लावण्यासाठी आपल्याच साथीदारांवर उलटला. तिथे माणसाला मनाप्रमाणे रूप मिळतं, म्हणून त्याला डुकराचं मिळालं. हकिकत म्हणून ठीक आहे. पडद्यावर उभं असतं ते मात्र डुक्करच.

माणूस उभा राहतो तो १९९८ साली, 'ऑकारिना ऑफ टाइम'मध्ये, आणि तोही आधी खिडकीतून दिसतो. लहानगा लिंक राजवाड्याच्या अंगणात झेल्डाला भेटतो. ती त्याला खिडकीतून आत पाहायला सांगते. आत एक उंच, सावळा, लाल केसांचा माणूस दालनातून चालत येतो आणि राजापुढे गुडघा टेकतो. राजा आपल्याला दिसत नाही, दिसतो फक्त टेकलेला गुडघा. मग तो माणूस मान वळवून थेट खिडकीकडे पाहतो. हा गॅननडॉर्फ, पश्चिमेच्या वाळवंटातल्या गेरुडो लोकांचा राजा. झेल्डा म्हणते, हा दुष्ट आहे, मला स्वप्न पडलं. पुढे तिचं खरं ठरतं, म्हणून तो प्रसंग आपण पुन्हा तपासत नाही. तपासायला हवा. याच खेळात आपल्याला कळतं की काही वर्षांपूर्वी मोठं युद्ध झालं आणि हायरूलच्या राजाने देश एक केला. म्हणजे तो गुडघा त्या युद्धानंतर टेकलेला आहे. आणि याच खेळात छायामंदिर नावाचं एक तळघर आहे, छळाच्या यंत्रांनी भरलेलं, जिथे हायरूलच्या स्वतःच्या रक्तरंजित इतिहासाचा उल्लेख येतो. तिथून आपण आपलं काम उरकून बाहेर पडतो. राजाला कुणी त्याबद्दल विचारत नाही.

गेरुडोंबद्दल थोडं थांबून बोलायला हवं. ही जमात बायकांची. शंभर वर्षांत एकच पुरुष जन्मतो आणि तो राजा होतो. चोरी हा त्यांचा धंदा. त्यांच्या चिन्हावर चंद्रकोर आणि तारा होता. अग्निमंदिराच्या पार्श्वसंगीतात इस्लामी प्रार्थनेतल्या शब्दांचं गायन होतं. ते गायन निंटेंडोने नंतरच्या प्रतींतून काढलं, चिन्हही पुढच्या आवृत्त्यांत बदललं, गॅननडॉर्फच्या तोंडून येणारं लाल रक्तदेखील हिरवं झालं. हे सगळं चांगलंच झालं. पण बदलली ती चिन्हं. एकीकडे हिरवं, पाण्याने भरलेलं, देवांचं लाडकं राज्य आणि दुसरीकडे वाळवंट, जिथून दुष्टपणा घोड्यावर बसून येतो, ही मांडणी जागच्या जागी राहिली. गेरुडोंपैकीच नाबूरू नावाची बाई त्याला विरोध करते, आम्हीही चोर पण हा बायका-मुलांनाही लुटतो असं बजावते, तेव्हा त्या मांडणीला जरा तडा जातो. तेवढाच.

तरीही हा भाग मोठा आहे, कारण खलनायकाला देश दिला की त्याला कारण असण्याची शक्यता निर्माण होते. आपल्याकडे हे आपण पुष्कळ पाहिलेलं आहे. मायकेल मधुसूदन दत्तांनी १८६१ साली 'मेघनादवध काव्य' लिहिलं तेव्हा लंकेला अंगण मिळालं, आई मिळाली, शोक मिळाला. शिवाजी सावंतांच्या 'मृत्युंजय'मध्ये दुर्योधनालाही 'मी' म्हणून बोलायला जागा आहे. प्रतिनायकाला 'मी' म्हणायला दिलं की नायकाच्या बाजूचं काहीतरी सैल होतं, हे बांगला काय आणि मराठी काय, वाचकाला सवयीने ठाऊक असतं. 'ऑकारिना'चा गॅननडॉर्फ अजून 'मी' म्हणत नाही. तो हसतो, धमक्या देतो, मनोऱ्यात बसून ऑर्गन वाजवतो. चार वर्षांनी तो बोलतो.

'द विंड वेकर' जपानमध्ये २००२च्या डिसेंबरात आला. शेकडो वर्षं लोटली आहेत. गॅननडॉर्फ पुन्हा सुटला, या वेळी वाचवायला कुणी नायक आला नाही, आणि देवांनी हायरूल समुद्राखाली बुडवलं. वर उरली ती बेटं; त्यांवरच्या लोकांना खाली काय आहे ते माहीतही नाही. चित्रं इतकी गोड, डोळे इतके वाटोळे, की तेव्हा अनेक चाहते चिडले होते. त्यांना वाटलं, पोरखेळ केला. या पोरखेळात वयस्कर, पोट सुटलेला, किमोनोसारखा पायघोळ अंगरखा घातलेला गॅननडॉर्फ आहे, आणि तो मालिकेतला आजवरचा सगळ्यांत थकलेला माणूस आहे. झोपलेल्या झेल्डाशेजारी बसून तो तिची स्वप्नं पाहतो: समुद्र, नुसता समुद्र, पोहून पार न होणारा, मासाही न देणारा. तुमच्या देवांनीच तुमचा नाश केला, असं तो सुनावतो. त्याचं खोटं आहे का? खेळ त्याला उत्तर देत नाही, लढाई देतो.

आणि मग ते वाऱ्याचं भाषण. शेवटच्या लढाईच्या थोडं आधी तो आपल्या देशाबद्दल बोलतो. दिवसा भाजणारा वारा, रात्री गोठवणारा वारा, कसाही आला तरी मरण घेऊन येणारा. आणि हायरूलच्या हिरव्या कुरणांवरून वाहणारा तो दुसरा वारा, मरण न आणणारा. तो वारा आपल्याला हवा होता, बहुधा, असं तो म्हणतो. बस. मालिकेच्या सोळा वर्षांत पहिल्यांदा कुणीतरी सांगितलं की खलनायकाला काय हवं होतं, आणि ते सांगणारा तो स्वतः होता.

जपानीत तिथे 'हवं असणं' याचं साधं क्रियापद आहे आणि शेवटी 'असेलही' असा अर्धवट कबुलीचा सूर. इंग्रजी अनुवादकाने 'कव्हेट' हे क्रियापद घेतलं. हा शब्द इंग्रजी वाचकाच्या कानात सरळ बायबलच्या दहा आज्ञांमधून येतो: शेजाऱ्याच्या वस्तूची इच्छा धरू नको. एका शब्दात इच्छाही आली आणि तिचं पाप ठरणंही आलं. मला हा अनुवाद मूळाहून काकणभर सरस वाटतो, आणि असं मी क्वचितच म्हणते. मग अर्थातच मराठीत काय करता येईल हा किडा डोक्यात शिरला. 'हाव' म्हटलं की पोट दिसतं. 'हेवा' माणसाचा वाटतो, वाऱ्याचा नाही. 'लालसा' नाटकी. 'अभिलाषा' त्याच्या तोंडी शोभेल, पण तिला फार अत्तर लावलेलं आहे. शेवटी सापडला तो 'लोभ', षड्रिपूंमधला, काम-क्रोधांच्या पंगतीत बसणारा. आणि हाच शब्द आपल्या आजोबांच्या पिढीने प्रत्येक पत्राखाली लिहिला: लोभ असावा, लोभ आहेच तो वाढावा. एकाच शब्दात पाप आणि माया. गॅननडॉर्फला त्या वाऱ्याचा लोभ होता, असं म्हटलं की दोन्ही अर्थ एकदम जागे होतात, आणि त्यातला कुठला खरा हे ठरवायची सक्ती राहत नाही. इंग्रजीला हे जमलेलं नाही, जपानीला हवंही नसावं. मराठीला आयतं मिळालं आहे. (हा खेळ मराठीत कुणी आणणार नाही, हे मला माहीत आहे. अनुवादकाची निम्मी कामं अशीच असतात.)

त्या भाषणानंतर जे होतं तेही तितकंच नीट घडवलेलं आहे. तो ट्रायफोर्सला हात लावणार तेवढ्यात बुडालेल्या हायरूलचा म्हातारा राजा त्याच्या आधी हात लावतो आणि मागतो काय, तर हायरूल कायमचं बुडू दे, मुलांना नवं जग मिळू दे. गॅननडॉर्फ हसू लागतो. आजूबाजूला समुद्र कोसळत असताना तो दोन तलवारींनी लढतो, पण आता जिंकून मिळवायचं काही उरलेलंच नाही. लिंकची तलवार त्याच्या डोक्यात शिरते, तो वाऱ्याबद्दल काहीतरी पुटपुटतो आणि दगड होतो. दोन म्हातारे एकाच हरवलेल्या देशावर जीव लावून बसलेले असतात. एक तो बुडवतो, दुसरा त्याच्यासोबत बुडतो. मुलं वर तरंगतात. खलनायकाला कारण दिल्यावर त्याला मारणं इतकं जड होतं, म्हणूनच बहुधा पुढे हे कारण हळूहळू काढून घेतलं गेलं.

२००६च्या 'ट्वायलाइट प्रिन्सेस'मध्ये तो पुन्हा धिप्पाड झाला. इथे एक प्रसंग जबरदस्त आहे: ऋषींच्या मंडळाने त्याला साखळदंडाने बांधून देहदंड दिला आहे, प्रकाशाची तलवार छातीतून आरपार गेली आहे, आणि तो मरत नाही. उलट एका ऋषीला मारतो. मग त्याला आरशातून दुसऱ्या जगात ढकलून देतात. छातीवरची ती पांढरी जखम शेवटपर्यंत चकाकत राहते आणि शेवटी तो उभ्याउभ्याच मरतो. शासन करणारं हायरूल इथे पहिल्यांदा डोळ्यांसमोर येतं. पण त्याला फाशी नेमकी कशासाठी, हे जवळजवळ सांगितलेलंच नाही, आणि वारा-बिरा काही नाही. देखणा आहे, एवढंच.

खरा घाव २०११चा. 'स्कायवर्ड सोर्ड' हा कालक्रमात सगळ्यांत आधीचा भाग, सगळ्या गोष्टींचं मूळ सांगणारा. त्यात डिमाइस नावाचा असुरराज मरताना शाप देतो: माझ्या द्वेषाचा अवतार तुमच्या वंशाच्या मागे युगानुयुगं लागेल. चाहत्यांना हे आवडलं, कारण एका फटक्यात सगळं जुळलं. लिंक पुन्हा पुन्हा का जन्मतो, गॅनन पुन्हा पुन्हा का येतो, सगळ्याला खुलासा मिळाला. मला हा खुलासा दारिद्र्याचा वाटतो. खुलासा आणि कारण या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. वारा हे कारण होतं, ते त्या माणसाचं स्वतःचं होतं. शाप हा खुलासा आहे, तो कुणीतरी बाहेरून त्याच्यात भरलेला. आता मागे वळून पाहिलं तर वाळवंटातला तो माणूस कोण? कुणा दुसऱ्याच्या द्वेषाचं भांडं. त्याला वाटत होतं की त्याला वारा हवा आहे.

शापाने जन्म घेणारे शत्रू आपल्याला नवे नाहीत. वैकुंठाचे द्वारपाल जय आणि विजय यांना सनकादिकांचा शाप झाला आणि ते हिरण्याक्ष-हिरण्यकशिपू, मग रावण-कुंभकर्ण, मग शिशुपाल-दंतवक्र झाले. पण ती गोष्ट आपण लहानपणी ऐकली तेव्हा तिचा गाभा शाप नव्हता, निवड होती: भक्त म्हणून सात जन्म की वैरी म्हणून तीन? त्यांनी तीन घेतले, कारण लवकर घरी जायचं होतं. पुनर्जन्म घेणाऱ्या खलनायकालाही तिथे काहीतरी हवं आहे, तेही किती हवं आहे! डिमाइसच्या शापात कुणालाच कुठेच जायचं नाही. चाक फिरत राहतं, एवढंच.

'स्कायवर्ड सोर्ड'चे दिग्दर्शक हिदेमारो फुजिबायाशी. २०१७चा 'ब्रेथ ऑफ द वाइल्ड' आणि २०२३चा 'टिअर्स ऑफ द किंगडम' हेही त्यांचेच. म्हणजे गेल्या दशकभरातला गॅनन हा शापाच्या घरात वाढलेला आहे, हे लक्षात ठेवायला हवं. 'ब्रेथ'मध्ये त्याला नाव आहे 'कॅलॅमिटी', आपत्ती. शंभर वर्षं तो राजवाड्याभोवती लाल-काळ्या धुरासारखा घोंघावतो. एक शब्द बोलत नाही. सुरुवातीचं पठार ओलांडलं की तुम्ही वाटलं तर थेट त्याच्यापर्यंत जाऊ शकता. खेळाचं सगळं स्वातंत्र्य त्या मुक्या ढगाभोवती रचलेलं आहे. याच खेळात गेरुडो शहर पहिल्यांदा राहण्याजोगं झालं. बाजार, दागिने, पाण्याचे पाट, स्वाभिमानी बायका. जुनी बदनामी पुसली गेली, आणि मनापासून पुसली गेली. पण कशी? गेरुडोंची नायिका उर्बोसा म्हणते की गॅननने एकेकाळी गेरुडोचं रूप घेतलं होतं अशी नोंद आहे. रूप घेतलं होतं! 'ऑकारिना'मध्ये एक माणूस जनावर झाला होता. आता एका आपत्तीने काही काळ माणसाचा वेश घातला होता. गेरुडो निर्दोष ठरले, कारण गॅनन त्यांचा कधी नव्हताच. त्या लोकांना न्याय मिळाला, आणि त्याच वेळी वाळवंटातला तो एक माणूस, त्याच्या तक्रारीसकट, दप्तरातून खोडला गेला.

आता त्या दोन वाक्यांकडे परत येते. पुनर्जन्म सोडून दिलेला इंग्रजी गॅनन हा शापाच्या हिशेबात चपखल बसतो: इच्छा संपली, द्वेष उरला. जपानी वाक्यात जो शब्द आहे तो बौद्ध वळणाचा आहे, भ्रमातून आलेली, सुटता न सुटणारी आसक्ती. त्याला कोशात मराठी प्रतिशब्द शोधायची गरजच नाही, तो आपल्या घरातच आहे: वासना. दहाव्याला पिंड ठेवतात आणि कावळा शिवत नाही, तेव्हा जमलेले लोक एकमेकांकडे पाहतात. कुणीतरी पुढे होऊन हात जोडतं, तुमचं अमुक आम्ही पाहू, काळजी करू नका. मग कावळा येतो. गेलेल्याला काय हवं होतं ते ओळखून बोलावं लागतं, हा त्या रिवाजाचा अर्थ. जपानी झेल्डा सांगते की समोरच्या जनावराची वासना अडकली आहे. कशात, हे ती सांगत नाही; तिला माहीत नसावं, खेळालाही आठवत नसावं. पंधरा वर्षांपूर्वीच्या एका भाषणात ते होतं. त्यामुळे इंग्रजी वाक्य चुकलेलं असलं तरी एका अर्थी खेळाशी अधिक प्रामाणिक आहे, असं मला वाटू लागलं आहे. जपानी वाक्य आशा लावतं आणि पुढे काही देत नाही.

'टिअर्स ऑफ द किंगडम'मध्ये तो पुन्हा देह घेऊन आला. राजवाड्याखाली खोल गुहेत एक वाळलेलं प्रेत आणि ते दाबून धरणारा एक तुटका हात. प्रेताचे डोळे उघडतात तेव्हा अंगावर काटा येतो, हे मी सोफ्यावर बसूनही सांगते. पूर्वस्मृतींमध्ये तो पुन्हा गुडघा टेकतो, या वेळी हायरूलच्या पहिल्या राजापुढे, रौरूपुढे, जो आकाशातून उतरलेल्या वंशाचा आहे. पंचवीस वर्षांनी तोच गुडघा. आता आपण खिडकीबाहेर नाही, दालनातच आहोत, आणि मला वाटलं, आता बोलेल. आकाशातून येऊन जमिनीवर राज्य मांडणाऱ्यापुढे वाळवंटातला माणूस का वाकत नाही, याहून चांगला प्रश्न या मालिकेला मिळाला नसता. तो बोलतोही, भरदार आवाजात. पण त्याला सामर्थ्य हवं आहे, राज्य हवं आहे, आणि ते का, याचं उत्तर 'कारण तो तो आहे' यापलीकडे जात नाही. राणी सोनियाचा खून करून तिचा मणी घेतो, असुरराज होतो. वारा कुठेच नाही.

इथे भाच्याने मला अडवलं. त्याचं म्हणणं, तू त्याचं बोलणं ऐकतेस, त्याच्याशी लढून पाहा. ते चूक नाही. या शेवटच्या लढाईत गॅननडॉर्फ लिंकसारखाच लढतो. ऐन क्षणी बाजूला सरकून उलट वार करण्याची जी कला तुम्ही शेकडो तास घोटलेली असते, ती तो तुमच्यावरच वापरतो. त्याच्या जिवाची पट्टी भरू लागते आणि भरतच जाते, पडद्यावर मावेनाशी होते. त्याचे वार तुमची हृदयं नुसती रिकामी करत नाहीत, तोडून टाकतात. तो तुमच्या बरोबरीचा आहे हे कुणी सांगत नाही, बोटांना कळतं. शब्दांनी न दिलेला मान खेळाच्या यंत्राने दिला, एवढं भाच्याचं म्हणणं मी मान्य केलं.

पण त्यानंतर काय होतं पाहा. हरतो आहे असं दिसल्यावर तो मणी गिळतो. मणी गिळणारा अमर ड्रॅगन होतो आणि स्वतःला कायमचा विसरतो, हे आपल्याला आधीच सांगितलेलं असतं, कारण झेल्डाने तेच केलेलं असतं: तुटलेली तलवार सांधण्यासाठी मणी गिळून ती युगानुयुगं आकाशात तरंगत राहिली आहे, स्वतःला न ओळखता. दोघांनी एकच कृत्य केलं. तिची तीच अवस्था या खेळातली सर्वांत हृदयद्रावक गोष्ट आहे आणि तिच्यासाठी शेवटी मार्ग निघतो, ती माणूस होऊन परत येते. त्याचा ड्रॅगन आकाशात फुटून जातो. दोन ड्रॅगन एकाच आभाळात उडत असतात आणि खेळाला ती तुलना दिसतच नाही, किंवा दिसून तो नजर फिरवतो. चाळीस वर्षं ज्याला सगळं आठवत होतं, त्याला शेवटी विसरायला लावून मारलं. २०२४च्या 'एकोज ऑफ विझडम'मध्ये पहिल्यांदा झेल्डा म्हणून खेळता येतं, आणि सुरुवातीलाच गॅनन भेटतो. जुना, डुकरतोंड्या. पुढे कळतं की ती दुसऱ्याच कुणी बनवलेली प्रतिकृती होती. तिला काही हवं असण्याचा प्रश्नच नव्हता.

बंगळूरहून निघायच्या आदल्या रात्री मी भाच्याला 'विंड वेकर'चा शेवट लावायला सांगितला. त्याने लहानपणी तो खेळलेला होता, भाषण मात्र बटण दाबून पुढे ढकललेलं होतं. या वेळी आम्ही दोघांनी ते पूर्ण वाचलं, आणि मी त्याला माझं 'लोभ' सांगितलं. पत्राखालचा 'लोभ असावा' त्याने आजोबांच्या जुन्या इनलँड पत्रांवर पाहिला होता. तलवार शिरली, गॅननडॉर्फ वाऱ्याबद्दल पुटपुटला, दगड झाला, वरून पाणी आलं.

"याच्या पिंडाला शिवला असता," भाचा म्हणाला आणि टीव्ही बंद केला.